पाद्र्याची कॉलर

४ डिसेंबर

बीटची, म्हणजे नदीच्या आमच्या पट्ट्याची, वही मासेमारांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. तिच्यात पाणी, वारा, पाहुण्यांची नावं आणि मासे एवढंच लिहायचं, आणि ती मालकीणबाई मिसेस ऑर वाचतात. ही दुसरी वही माझी स्वतःची. यूनाचं म्हणणं असं, की ज्या नवऱ्याशी कोणी बोलत नाही तो वही विकत आणतो. माझ्याशी बोलणारे पुष्कळ आहेत. हंगाम बंद असला की ते भेटत नाहीत, इतकंच.

आज होडी खरवडायला घ्यायची होती, पण दिवसभर पाऊस. सॅमन धरायला परवानगी पंधरा जानेवारीपासून, म्हणजे हातात सहा आठवडे. तेवढ्यात होडी, तिन्ही डोहांच्या पायवाटा आणि वादळं जे काही मोडून ठेवतील ते, सगळं मला एकट्याला उरकायचं आहे. गिलीचं काम म्हणजे पाहुण्यांना होडीत बसवून मासे दाखवायचे असं लोकांना वाटतं. ते उन्हाळ्यात. हिवाळ्यात गिली म्हणजे गवंडी, सुतार आणि हमाल.

क्रेरारने आज आपली होडी छपराखाली ओढली. नदीचा पलीकडचा काठ दुसऱ्या इस्टेटीचा आहे आणि आल्पिन क्रेरार तिथला गिली. मी काही बघत नव्हतो. पण आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदी आणि तो सोडून तिसरं काही दिसतच नाही. एकटाच ओढत होता. चौसष्टाव्या वर्षी एकट्याने होडी ओढायची म्हणजे पाठीचं काय होईल ते होवो, मला काय त्याचं!

९ डिसेंबर

हल्ली वादळांची बारशी करतात. या वादळाचं नाव विनिफ्रेड. कालपासून विनिफ्रेडबाई मुक्कामाला आहेत आणि नदी सकाळपासून सात फूट चढली आहे. कोणाच्या तरी मेंढ्यांचं कुंपण, एक पाण्याचं टाकं आणि बागेतला पाळणा असं सगळं खिडकीसमोरून गेलं.

दुपारी तळाचे धोंडे गडगडायला लागले. ज्याने हे ऐकलेलं नाही त्याला सांगून कळत नाही. पाण्याखाली मोटारीएवढे दगड एकमेकांवर आपटतात, आणि तो आवाज कानाला नाही, फरशीतून तळपायांना लागतो. यूना भांडी घासत होती, ती थांबली.

"तुझा पाद्री आहे ना रे जागेवर?"

"माझ्या आजोबांच्या आधीपासून आहे," मी म्हटलं. "विनिफ्रेडला दाद द्यायचा नाही तो."

पाद्री म्हणजे आमच्या काठापासून पंधरा हातांवर पाण्यात उभा असलेला काळा धोंडा. मानेभोवती आमच्या बाजूने पांढऱ्या गारेचा पट्टा आहे, म्हणून पाद्री. नियम सोपा आहे. पाद्र्याची कॉलर कोरडी असेल तर होडी काढायची. भिजली असेल तर खोलीत बसून चहा प्यायचा. या नियमावर आजोबा, वडील आणि मी अशा तिघांनी मिळून एकही माणूस बुडवलेला नाही. सरकारने पुलाला मापाचा खांब लावला आहे, तो दर पंधरा मिनिटांनी फोनवर आकडा पाठवतो. यूना आकडा बघते. मी पाद्र्याकडे बघतो.

क्रेरारच्या काठावरून पाद्र्याची नुसती पाठ दिसते, आणि पाठीला कॉलर नाही. हल्ली त्याचं तो बघून घेतो, कसं ते मी कधी विचारलेलं नाही.

१० डिसेंबर

पूल बंद. वीज नाही. क्रेरारच्या धुराड्यातून सकाळी धूर नव्हता. साडेआठला नव्हता, नऊला नव्हता. मी दोनदा बाहेर जाऊन आलो.

"फोन कर की," यूना म्हणाली.

"कोणाला?"

"धुराला."

दहाला पाच कमी असताना धूर आला. लाकडं ओली राहिली असतील. माझी लाकडं ऑक्टोबरातच आत घेतलेली असतात, पण ज्याला अक्कल नाही त्याला कोण शिकवणार.

१३ डिसेंबर

पाणी उतरलं. मधल्या डोहाच्या पायवाटेचा पत्ता नाही, काठ चांगला दहा हात खाल्ला आहे. वडिलांनी रचलेला दगडी बांध निम्मा वाहून गेला. वडिलांना तीन उन्हाळे लागले होते तो रचायला.

पाद्री निघाला पाण्याबाहेर. आहे तिथेच आहे. मान जराशी वाकडी वाटते, पण त्याच्या पायाशी एवढी खडी येऊन बसली आहे की कोणाचीही मान वाकडी होईल. यूनाला बोलावून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली.

"मोठा झालाय का?" म्हणाली.

दगड मोठे होत नाहीत. हे मला तिला सांगावं लागलं.

१ जानेवारी

नव्या वर्षाचं पहिलं पाऊल यंदाही पोस्टमनचंच. रिवाजाप्रमाणे उंबऱ्यात पहिला माणूस काळ्या केसांचा आणि हातात कोळशाचा तुकडा घेतलेला हवा. पोस्टमनला टक्कल आहे. पूर्वी क्रेरार यायचा. यूना म्हणाली, "आता त्याचेही केस पांढरे झालेत, म्हणजे तसंही तुझं काही अडत नाही."

अकरा वर्षं झाली. त्या सप्टेंबरात त्याच्या पाहुण्याच्या गळाला तीस पौंडांचा नर सॅमन लागला आणि ओढाताणीत आमच्या काठाला आला. अशा वेळी मासा कोणाचाही असो, ज्याच्या काठाला आला त्या गिलीने जाळं घालायचं असतं. मी घातलं. जाळ्याची कड दोरीला लागली आणि दोरी तुटली. क्रेरार पलीकडून सगळ्या पाहुण्यांदेखत ओरडला, "मुद्दाम केलंस!" तेव्हापासून बोलणं बंद.

मुद्दाम नव्हतं. हात घाईत गेला. त्या वर्षी आमच्या काठाला एकही मोठा मासा लागलेला नव्हता, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

आणि तेव्हापासून त्याने मला चिडवायची एक रीत काढली आहे. रोज सकाळी मी होडी काढून वरच्या वळणाआड दिसेनासा झालो की मग हा आपली होडी पाण्यात घालतो. माझ्याआधी कधी नाही, माझ्याबरोबरही नाही. तोवर काठावर पाइप ओढत उभा राहतो, जणू काही 'तुला घाई असेल, मला नाही.' पाणी वाईट म्हणून मी होडी काढली नाही तर तोही दिवसभर काढत नाही. नुसता आळस. अकरा वर्षं मी हा अपमान गिळतो आहे.

७ जानेवारी

दुसरं वादळ, विनिफ्रेडचा धाकटा भाऊ. झोप नाही, स्वस्थ बसवत नाही. होडीला रंगाचा दुसरा हात दिला, इंजिन खोलून परत बसवलं, काल बसवलेलं आज पुन्हा खोललं. यूना म्हणाली, "आता माझं शिलाईचं मशीन खोलू नकोस म्हणजे झालं."

खरं सांगायचं तर भीती वाटते. वय एकसष्ट. पूर्वी पूर आला की मला मजा वाटायची. आता प्रत्येक पुरानंतर डोह बदलतात, मासे दुसरीकडे उभे राहतात, आणि मला सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. मिसेस ऑर यांना हे माहीत नाही. कोणालाच नाही. नदीवर लोक म्हणतात, पाणी कसं आहे ते रॅटरेला विचारा. रॅटरे म्हणजे मी.

१२ जानेवारी

मासेमारांच्या खोलीची खालची पायरी पाण्यात आहे आणि पाद्र्याची कॉलर कोरडी. असं कधी झालं नव्हतं. कॉलर कोरडी असताना पायरीवर बसून मी बूट घालतो, गेली चाळीस वर्षं. पायरी खचली असणार. हंगामानंतर काढून नीट बसवली पाहिजे.

१४ जानेवारी

यूनाने जेवताना फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"खांब म्हणतोय पाच फूट सात इंच."

"खांबाच्या पायाशी वादळाने काय काय आणून टाकलंय ते बघ. त्याला काय कळतंय?"

"मागच्या वर्षी पाच फुटांना कॉलर बुडाली होती, गिल्बर्ट. तूच मिसेस ऑरना सांगितलंस."

"मागच्या वर्षीची नदी वेगळी होती."

"तेच म्हणतेय मी."

बायकोशी हंगामाच्या आदल्या दिवशी वाद घालायचा नसतो. सूप संपवलं आणि उठलो. कॉलर हातभर कोरडी आहे. मी डोळ्यांनी बघितली आहे.

१५ जानेवारी

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

आठला मिसेस ऑर आल्या, होडीच्या नाकावर व्हिस्की ओतली, चांगला हंगाम मागितला आणि थंडी म्हणून लगेच घरी गेल्या. पाहुणे मिस्टर ऑलब्राइट, लीड्सचे दातांचे डॉक्टर. कॉलर कोरडी. नऊला होडी काढली. काठाकाठाने वर गेलो, वळण पार केलं, आणि धारेत नाक घातलं तेव्हा कळलं की पाणी जड आहे. इंजिन पूर्ण सोडलं तरी होडी जागची हलेना. शेजारून मुळांसकट एक झाड गेलं. वर कुठे तरी धरणाचं दार उघडलं असणार. मी पाहुण्यांना म्हटलं, "आधी चहा घेऊ या का?" वरच्या धक्क्याला होडी बांधली आणि काठाने चालत खोलीकडे आलो. क्रेरार तेव्हा होडी पाण्यात ढकलत होता.

किटली ठेवली तोच आरडाओरडा. त्याच्या होडीला झाड आडवं लागून ती उलटली होती. त्याचा पाहुणा अंगातल्या जॅकेटमुळे तरंगत जाऊन पलीकडच्या वाळूला लागला आणि चालत वर आला. क्रेरार धारेने आमच्या काठाला, खालच्या वाळुंजाच्या झाडाच्या फांद्यांत अडकला. पाणी छातीपर्यंत आणि होडी अंगावर दाबलेली. मी कुंपणाच्या खांबाला दोरी बांधली, ती कमरेला घेऊन पाण्यात उतरलो आणि दुसरी दोरी फेकली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा त्याने मनगटाला गुंडाळली. डॉक्टरसाहेब आणि मी मिळून ओढला. खुबा मोडला आहे. ओठ निळे पडले होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला इतक्या जवळून पाहिलं. म्हातारा झालाय.

अ‍ॅम्ब्युलन्स त्याला पर्थच्या दवाखान्यात घेऊन गेली. पोलिसाने विचारलं, "तुम्ही तेव्हा कुठे होता?" मी म्हटलं, "खोलीत, चहा ठेवत होतो." खरंच ठेवत होतो.

१७ जानेवारी

पेपरात नाव आलं. 'पुरात उडी घेऊन शेजाऱ्याला वाचवलं.' उडी नव्हती, उतरलो होतो, पण पेपरवाल्यांना कोण सांगणार. दुकानात मला रांगेत पुढे केलं. पोस्टमन हात हातात घेऊन सोडेचना. चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना झाली. यूना शेजारी बसून समोर बघत राहिली.

दोन दिवस ती नेहमीपेक्षा कमी बोलते आहे. मी गार पाण्यात गेलो म्हणून तिने धसका घेतला असेल. तिची स्वयंपाकघरातली खिडकी नदीकडे आहे, तिने सगळं पाहिलं असणार.

२० जानेवारी

पाणी उतरायला लागलं आहे. होडी काढायला हवी होती, नाही काढली. इंजिनात काही तरी आवाज येतो.

२१ जानेवारी

क्रेरारची बायको नेटा पूल ओलांडून आली. बरोबर फ्रूटकेक. मला मिठी मारून रडली. मी काय करावं ते न कळून केक हातात धरून उभा राहिलो. यूनाने तिला शेगडीजवळ बसवलं.

"कसा आहे?" यूनाने विचारलं.

"खुबा बसवलाय. चिडतोय, म्हणजे बरा आहे." मग ती माझ्याकडे वळली. "पण घर जाणार, गिल्बर्ट. पिटकेर्न दवाखान्यात आला होता."

पिटकेर्न पलीकडच्या इस्टेटीचा व्यवस्थापक. त्यांचं घर नोकरीबरोबरचं आहे, आमच्यासारखंच. नोकरी गेली की घर गेलं.

"पिटकेर्न म्हणाला, पाच फूट सात इंच पाण्यात पाहुण्याला घेऊन होडी काढणारा माणूस एक तर प्यायलेला असतो, नाही तर म्हातारा झालेला. यातलं तुम्ही कोण, ते सांगा. आणि हा आढ्याकडे बघत पडून राहिला. मी त्याच्या कानाशी म्हटलं, अरे सांग ना, गिल्बर्टची होडी निघाली म्हणून काढली, जसा रोज काढतोस. तर पिटकेर्न गेल्यावर मलाच म्हणाला, पुन्हा तोंड उघडलंस तर याद राख."

"रोज काय काढतो?" मी विचारलं.

नेटाने आधी यूनाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुला माहीत नाही? त्याच्या बाजूने कॉलर कुठे दिसते! आधी तू त्याला हात करून सांगायचास. भांडलात, ते बंद झालं. मग हा काय करणार? तुझी होडी वळणाआड गेली की पाइप विझवतो. 'गिल्बर्ट जनावर आहे,' म्हणतो, 'पण पाण्याच्या बाबतीत खोटं बोलायचा नाही.' त्या दिवशीसुद्धा दारात उभा राहून म्हणाला, 'पाणी जड दिसतंय गं.' मी म्हटलं, मग नको जाऊस. तर म्हणाला, 'पण गिल्बर्ट गेला.'"

केक अजून माझ्या हातातच होता. यूनाने तो काढून घेतला.

नेटा गेल्यावर यूना म्हणाली, "मी खिडकीतून बघितलं तुला जाताना. परत येतानाही बघितलं." एवढंच. मी म्हटलं, वरून धरणाचं पाणी सोडलं त्याला मी काय करू? ती म्हणाली, "धरणाचं पाणी सोडलं नव्हतं. मी फोन करून विचारलं." आणि भांडी घासायला लागली.

२३ जानेवारी

नदी हिवाळ्यातल्या नेहमीच्या पाण्यावर आली. रबरी बूट चढवून पाद्र्यापर्यंत चालत गेलो.

आजोबांनी पाद्र्याच्या बरगडीत, धारेच्या बाजूला, एक लोखंडी खिळा ठोकला होता. तो आता आमच्या घराकडे बघतो आहे. पाद्री फिरला आहे. फिरला, उचलला गेला, आणि डिसेंबरने आणून टाकलेल्या खडीच्या ढिगावर जाऊन बसला आहे. मी हाताने मापलं. दोन फूट वर. काही जास्तच.

पायरी खचलेली नाही. खांब खोटं बोलत नव्हता. यूना म्हणाली होती, मोठा झालाय का, आणि मी तिला दगडांबद्दल शिकवलं. मला डिसेंबरातच दिसत होतं. ज्याला नदी कळते असं सगळा गाव म्हणतो, त्याने वाकडी मान पाहिली आणि पाऊलभर पाण्यात उतरून बघायचे कष्ट घेतले नाहीत. मला माझीच लाज वाटते. पाण्यात उभा राहून रडलो, हेही लिहून ठेवतो.

२४ जानेवारी

अजून एक आहे. पंधरा तारखेला ते मी लिहिलं नाही.

वरच्या धक्क्यावरून चालत येताना क्रेरार होडी ढकलत होता, तेव्हा आमच्यात फार तर साठ हातांचं अंतर होतं. शिट्टी माझ्या गळ्यात होती. तीन वेळा वाजवली की थांबा, हे नदीवर लहान पोरांनाही माहीत आहे. मी शिट्टी हातात घेतली. मग मनात आलं, वाजवली तर त्याला कळणार की मी घाबरून परत आलो. अकरा वर्षं ज्याच्यासमोर मान वर ठेवली त्याच्यासमोर, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, पाहुण्यादेखत. त्याला डोळे आहेत, म्हटलं, बघेल तो. शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली आणि चहा ठेवायला गेलो.

मला काय माहीत, तो माझ्या डोळ्यांनी बघत होता.

हे कोणाला सांगायची गरज नाही असं सकाळपासून स्वतःला समजावतो आहे. मी त्याला बाहेर ओढला. माझ्यामुळे तो जिवंत आहे. त्याने तोंड उघडलं नाही, तर मी का उघडू? खोलीच्या भोवती किती फेऱ्या मारल्या माहीत नाही. गवत दबून वाट पडली.

२६ जानेवारी

मिसेस ऑर यांच्याकडे गेलो. होडी काढली होती, पाद्री फिरलेला आहे, क्रेरार माझ्या मागोमाग निघाला, हे सगळं सांगितलं. त्या ऐंशी वर्षांच्या आहेत, पण ऐकताना सुई थांबली नाही, मोजा विणत होत्या.

"तुम्हाला कोणी विचारलं होतं का, रॅटरे?"

"नाही, बाईसाहेब."

"पेपरात तुमचं नाव वाचून मला अभिमान वाटला होता. मी कात्रण काढून बहिणीला पाठवलं."

"हो, बाईसाहेब."

"होडीची किल्ली टेबलावर ठेवा." मी ठेवली. "काठावरचं काम बघा. पुढच्या हंगामाचं पुढे बघू. आणि तो खांबाचा आकडा रोज वहीत लिहीत जा."

घर राहिलं. किल्ली गेली. चाळीस वर्षं ती माझ्या खिशात होती, येताना सारखा हात तिथे जात होता.

तिथून थेट पिटकेर्नकडे. तरुण माणूस आहे, सगळं टिपून घेतो.

"म्हणजे क्रेरारनी स्वतः न बघता दुसऱ्याच्या भरवशावर होडी काढली," तो म्हणाला. "हे जास्त वाईट नाही का?"

"त्यांच्या काठावरून दिसत नाही," मी म्हटलं. "दिसावं अशी सोय तुमच्या इस्टेटीने कधी केली नाही. मी निघालो की निघायचं ही इथली जुनी रीत आहे. चूक माझी. साहेब, तुम्हाला म्हातारा माणूस हवा असेल तर तो तुमच्यासमोर बसला आहे."

त्याने हेही टिपून घेतलं.

२९ जानेवारी

नेटाचा फोन. घर राहिलं. क्रेरारला हंगामभर होडी नाही, पण नोकरी राहिली. यूना तिच्याशी तासभर बोलली. फोन ठेवला आणि माझ्यासमोर चहा ठेवला, त्यात न विचारता साखर घातली होती. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

"उद्या पर्थला जा," म्हणाली. "मी येणार नाही. तुझा तू जा."

दुकानात आज रांगेत मागेच उभा होतो. पोस्टमनने पत्रं दारात टाकली आणि गेला.

३० जानेवारी

दवाखान्यात त्याचा पलंग खिडकीजवळ होता. खिडकीतून मोटारी ठेवायची जागा दिसते. मला बघितलं आणि सुरू झाला. अकरा वर्षांचं साचलेलं.

"तुला कोणी सांगितलं होतं रे पिटकेर्नकडे जायला? कोणी सांगितलं होतं? आता सगळ्या नदीला कळलं की क्रेरार रॅटरेच्या शेपटाला धरून होडी काढायचा! परवा नर्ससुद्धा मला विचारते, तुमचे मित्र कधी येणार! मित्र!"

"घर वाचलं ना," मी म्हटलं.

"घर वाचलं, इज्जत गेली."

"माझी पण गेली."

"तुझी होती कधी? तो तीस पौंडांचा नर मुद्दाम सोडलास."

"मुद्दाम—" मी म्हटलं, आणि थांबलो. "मला माहीत नाही, आल्पिन. असेल."

शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने कानातलं यंत्र नीट बसवलं. मी उभाच होतो. टोपी हातात होती, ती फिरवत होतो. मग म्हटलं, ज्यासाठी आलो होतो ते.

"त्या दिवशी शिट्टी माझ्या गळ्यात होती. तू होडी ढकलत होतास. मी वाजवली नाही."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"बघितलं ना तुला. काठावर उभा होतास. शिट्टी हातात घेतलीस, मग आत टाकलीस." त्याने पांघरूण वर ओढलं. "मला वाटलं, गिल्बर्ट वाजवत नाही, म्हणजे ठीक आहे."

माफ कर म्हणायचं ठरवून गेलो होतो, बसमध्ये दोनदा मनाशी म्हणून बघितलं होतं. तोंडातून निघालं नाही. तो मोटारींकडे बघत राहिला. नर्स आली, त्याच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा लिहिला आणि गेली.

मग तोंड न वळवता त्याने विचारलं, "पाणी कसं आहे?"

हा प्रश्न मला आयुष्यात हजारदा विचारला गेला असेल. पाहुण्यांनी, मिसेस ऑर यांनी, दुकानात, चर्चच्या दारात. मी दर वेळी उत्तर दिलं आहे.

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्याने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

"खुर्ची ओढ," तो म्हणाला.